रीनाची खात्री

रीनाला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या फाटकापाशी, दुधाची पिशवी नाकाला लावून उभी असताना. पिशवी बंद होती. बंद पिशवीला कसला वास येणार, हे मला कळेना. तिने पिशवी उलटी करून तारीख वाचली, चारही कोपरे दाबून पाहिले, तळहातावर ठेवून थंडावा अजमावला आणि दूधवाल्याला परत दिली. दुसरी घेतली. तिचीही तशीच तपासणी केली. आमच्या रस्त्यावर वीस वर्षं दूध टाकणारा मादप्पा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला डोळ्यांनीच सांगितलं, मलाही ही नवीनच आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन तिला आणि तिच्या नवऱ्याला तेव्हा आठच दिवस झाले होते. नवऱ्याचं नाव मेल्विन. दोघं वसईकडचे, कॅथलिक, तिशीच्या आतबाहेरचे. तो कॉम्प्युटरच्या एका कंपनीत होता. ती नंजनगूडच्या बाजूला एका औषधाच्या कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात काम करत होती. तिला तिसरा महिना लागला होता.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. चार पिढ्या सरस्वतीपुरम आणि आसपास गेल्या. घरात मराठी बोलतो, पण ते कन्नडात बुडवून काढलेलं. मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. वरच्या मजल्यावर ख्रिस्ती जोडपं येणार म्हटल्यावर आमच्या ह्यांना काही वाटलं नाही. मला वाटलं. ती दोघं माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात हे ऐकून तर जास्तच वाटलं. ख्रिस्ती माणसं, आणि इतकं मराठी कशाला शिकली असतील? काही हेतू असल्याशिवाय कुणी एवढी मेहनत घेतं का? मी हे तिला थोडं वळसा घालून विचारलं. तिने वळसा न घालता उत्तर दिलं. म्हणाली, शिकलो नाही, तेच बोलत आलोय, आमच्या गावात चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, मराठीत होते आणि जपमाळेची रोझरीही मराठीत म्हणतात. मग तिने मला विचारलं की तुम्ही दर वाक्यात ‘सुम्मने’ म्हणता, त्याचा अर्थ काय. ‘उगीच’ म्हणतात ना, तसं काहीसं, मी म्हटलं. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही दर वाक्य उगीच बोलता.

ती हसली नाही, म्हणून मला राग आला. ती हसत नसतानाच गंमत करत असते, हे कळायला मला चार महिने लागले.

गरोदर बाई घरात आहे म्हटल्यावर मी शेवयांचं पायस करून वर नेलं. तिने दारातच विचारलं, दूध कधी तापवलं, भांडं कुठलं, काजू कधी आणलेले. मी भांडं तिच्या हातात दिलं आणि तोंड वाकडं करून खाली आले. दुसऱ्या दिवशी भांडं घासूनपुसून परत आलं. आत चिठ्ठी होती. ‘चांगलं होतं. वेलची जुनी आहे.’ मी स्वयंपाकघरात जाऊन वेलचीची बाटली उघडली. वेलची खरोखरच जुनी होती.

तिला कुणी काही सांगितलं की तिचा एक ठरलेला प्रश्न असे. “पाहिलं की ऐकलं?” मी म्हटलं, भाजीवाली सांगते बोगादीच्या भागात पाणी नाही, की हिचा प्रश्न. मेल्विन म्हणाला मॅनेजर माझ्यावर खूश आहे, की हिचा प्रश्न. आमचे हे एकदा म्हणाले, कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर पेलिकन आलेत. ती म्हणाली, काका, पाहिलं की ऐकलं? ह्यांनी पेपरात वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्कूटरवर बसून पेलिकन बघायला गेले. परत येऊन तिने मला सांगितलं, अकरा आहेत.

तिच्या कारखान्यात गोळ्यांचा प्रत्येक घाणा तिच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. ती म्हणायची, गोळी सगळ्यांना सारखी दिसते, म्हणून तर कुणीतरी तिच्यावर संशय घ्यायला पाहिजे.

पाचव्या महिन्यापासून वरच्या मजल्यावर काहीतरी बदललं. रीना कामाला जायची बंद झाली. खिडक्यांचे पडदे दिवसभर ओढलेले असत. ती क्वचित खाली दिसे आणि दिसली तर डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला असे. दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी सहा अशा ठरलेल्या वेळी दोन-दोन बायका येऊ लागल्या. रोज वेगळ्या. हातात झाकलेले डबे, गळ्यात क्रूस. वर जाऊन अर्धा तास थांबत आणि आल्या तशा निघून जात. मेल्विन जिन्यात उभा राहून हलक्या आवाजात फोनवर बोले. ते त्यांच्या गावाकडचं बोलणं होतं, मराठीसारखंच, पण मला त्यातलं अर्धंही लागत नसे.

मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसू लागले. आमचे हे म्हणाले, “तुला कशाला ते? सुम्मने आत ये की.” मी गेले नाही. आधी वाटलं, घरात प्रार्थनेच्या सभा भरत असाव्यात, आणि आपल्या गल्लीतल्या कुणाला तरी त्यात ओढायचं चाललं असावं. पण गल्लीतलं कुणी वर जाताना दिसेना. मग एक दिवस रीना कपडे वाळत घालताना तिच्या हाताच्या पाठीवर मोठा काळानिळा डाग दिसला. दोन आठवड्यांनी दुसऱ्या हातावर तसाच. माझा संशय मेल्विनकडे वळला. शांत, खाली मान घालून चालणारा मुलगा. नोकरीच्या काळात मी असे बरेच बाप पाहिले होते. शाळेत येऊन नमस्कार करणारे, आणि ज्यांच्या मुलींच्या अंगावर वळ असायचे.

त्याला मी जिन्यात गाठलं आणि रीनाचं काय चाललंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, तिला बरं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला. माझी खात्रीच झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रीना खाली आली. न विचारता खुर्ची ओढून व्हरांड्यात माझ्यासमोर बसली. डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला. डोक्यावर केस नव्हते.

“टीचर,” ती म्हणाली, “आमच्याकडे कोण येतं-जातं ते तुम्ही रोज बघता. मला वरून दिसतं.”

मी पेपरची घडी करून बाजूला ठेवला.

“मला छातीचा कॅन्सर आहे. केमो चालू आहे. त्या बायका चर्चमधल्या, जेवण घेऊन येतात. हातावरचे डाग सुईचे. मेल्विन मारत नाही. त्याला साधं झुरळ मारता येत नाही. अजून काय विचारायचंय?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पोटात बाळ असताना केमो कशी देतात?”

ती पुढे वाकली. गेल्या दोन महिन्यांत प्रश्न विचारणारी मी पहिली बाई, असं म्हणाली. बाकी सगळ्या आधी रडतात, मग देवाचं नाव घेतात आणि मग गोड बोलायला लागतात. लोक गोड बोलायला लागले की समजायचं, पाठीमागे हातात काहीतरी लपवलेलं आहे. डॉक्टर मेल्विनला एक सांगतात, मेल्विन मला त्यातलं निम्मं सांगतो आणि माझ्या आईला फोनवर त्याच्याही निम्मं. कोण काय गाळतंय ते तिला कळेना झालं होतं.

“तुमचा कुणावरच विश्वास नाही,” ती म्हणाली. “म्हणून मला तुम्ही पाहिजे.”

काम तिने ठरवूनच आणलं होतं. मी तिच्याबरोबर हॉस्पिटलात जायचं, डॉक्टर जे बोलतील ते ऐकायचं आणि नंतर तिला एकटीला जसंच्या तसं सांगायचं. मेल्विन वेगळं सांगेल. ती दोन्ही ताडून बघेल.

मी हो म्हटलं. त्या वेळी मला वाटलं, शेजारधर्म म्हणून म्हटलं. खरं तर वरच्या मजल्यावर काय चाललंय ते आता मला आतून कळणार होतं, तेही कारण होतं.

तिने उपचार सुरू करण्याआधी काय केलं होतं ते मला हळूहळू समजलं. तीन महिने उलटल्यावर आईला केमो दिली तर बाळाला धोका आहे का, हा एकच प्रश्न तिने तीन डॉक्टरांना विचारला होता. एक म्हैसूरचे, एक बेंगळूरूचे आणि तिसरे तिच्या मावसबहिणीच्या ओळखीचे मुंबईचे. एकालाही दुसऱ्याचं सांगितलं नव्हतं. तिघांनी साधारण एकच उत्तर दिलं, की ठरावीक औषधं ह्या काळात देता येतात, नीट लक्ष ठेवून. तेव्हा तिने मान्य केलं. त्याच सुमारास मेल्विनच्या एका काकांनी फोन करून सांगितलं होतं की आधी स्वतःचा जीव वाचव, मुलं पुढेही होतील. आणि चर्चमधल्या एका बाईंनी तिचा हात कपाळाला लावून म्हटलं होतं की बाळासाठी तू एवढं सोसतेस, तू संत आहेस. रीनाला दोघांचा सारखाच राग आला होता. म्हणाली, काकांनी डॉक्टरांना विचारलं नाही आणि ह्या बाईंनी मला विचारलं नाही.

मी एकदा हॉस्पिटलच्या बाकावर तिला विचारलं, तिघा डॉक्टरांनी उलटं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस.

समोर एक माणूस फळांची पिशवी पायाशी ठेवून झोपला होता, ती त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, “ते मला विचारू नका. ते मी देवालाही सांगितलेलं नाही.”

केमोच्या खोलीतल्या नर्सना ती सुरुवातीला नकोशी होती. सलाइनला औषधाची पिशवी लावायच्या आधी ती हात पुढे करी. स्वतःचं नाव, औषधाचं नाव, घाणा क्रमांक, तारीख, सगळं वाचल्याशिवाय सुई टोचू देत नसे. एक नर्स चिडून कन्नडात म्हणाली, आम्ही काय इथे झोपा काढतो का. रीनाला कन्नड येत नव्हतं. तिने मला विचारलं, काय म्हणाली. मी जसंच्या तसं सांगितलं. रीना म्हणाली, तिला सांगा, झोप सगळ्यांनाच येते, म्हणून दोघींनी वाचायचं. नर्सला मी ते सांगितलं. चौथ्या वेळेपासून तीच नर्स न मागता पिशवी रीनाच्या डोळ्यांसमोर धरू लागली, आणि पुढे शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही दाखवायला लागली.

क्लारा जन्मली ती दिवस भरायला तीन आठवडे असताना. अडीच किलोला थोडी कमी, काळ्याभोर केसांची. आईच्या डोक्यावर एक केस नाही आणि मुलीच्या डोक्यावर एवढे, हे पाहून मेल्विन हसता हसता रडायला लागला. रीनाने आधी मुलीच्या पायाला बांधलेली पट्टी वाचली, मग स्वतःच्या मनगटावरची, मग पुन्हा मुलीच्या पायाची. दोन्हींवर एकच नाव आहे हे पटल्यावर तिने तिला जवळ घेतलं. मुलांच्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, हृदय, ऐकू येणं, सगळं ठीक आहे. रीनाने विचारलं, मॅडम, तुम्ही स्वतः तपासलं की कागदावर वाचलं? बाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून तिच्या कानांना लावला. त्या इवल्या छातीतली धडधड ती किती तरी वेळ ऐकत राहिली.

पुढची औषधं चालू राहायची होती, त्यामुळे तिला अंगावर पाजता येणार नव्हतं. हे तिला आधीपासून माहीत होतं. तिने डबा, बाटल्या, सगळं आणून ठेवलं होतं. पावडरचा चमचा ती सुरीच्या पात्याने सपाट करून घ्यायची, दाण्याचाही फरक चालायचा नाही. पण दूध येणं तर कुणाच्या सांगण्याने थांबत नाही. घरी आल्यावर एका दुपारी मी वर गेले तर ती छाती घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून बसली होती. आतल्या खोलीत क्लारा रडत होती आणि मेल्विनची आई तिला बाटली देत होती. तिची सासू वसईहून मदतीला आलेली, प्रेमळ आणि घाबरट बाई. ती मधूनमधून दार लोटून घेई, आईचा वास आला की पोर बाटली सोडते म्हणून. रीनाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या शेजारी बसून राहिले. तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्याच आठवड्यात तिला ताप आला. सासू घाबरली आणि न विचारता फादरना घेऊन आली. फादर म्हैसूरचेच, तरुण, कन्नड आणि इंग्रजी बोलणारे. त्यांच्या हातात तेलाची लहानशी डबी होती. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायची त्यांच्यात रीत आहे. ती मरणाच्या दारात करतात, असं रीनाने लहानपणापासून पाहिलेलं. डबी बघताच ती उठून बसली. फादरना तिने इंग्रजीत विचारलं, मी मरतेय का, आणि तुम्हाला कुणी काही सांगितलंय का.

फादर गडबडले नाहीत. म्हणाले, मला माहीत नाही, तुम्हाला ताप आहे एवढंच मला सांगितलंय. हे तेल मरणाऱ्यांचं नाही, आजाऱ्यांचं आहे. तुम्हाला नको असेल तर मी चहा पिऊन जातो.

तिने कपाळ पुढे केलं. नंतर मला म्हणाली, एवढ्या दिवसांत ‘मला माहीत नाही’ म्हणणारा हा पहिला माणूस भेटला, ह्यांच्या प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. तिचा विश्वास असा होता. रोज संध्याकाळी ती रोझरी म्हणे, एकही मणी न गाळता. पण बरं वाटायला लागलं आणि सासू म्हणाली की नऊ दिवसांच्या नोव्हेनाला फळ आलं, की ही म्हणायची, थांबा, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे.

बाळ पोटात असेपर्यंत सगळ्या शरीराचा स्कॅन करता येत नव्हता. क्लारा पाच आठवड्यांची झाल्यावर तो झाला. त्याच्यावर पुढचं सगळं ठरणार होतं. गाठ छातीतच थांबली असेल तर ऑपरेशन करून मोकळं. स्कॅन सोमवारी झाला. येत्या रविवारी क्लाराचा बाप्तिस्मा ठरलेला. वसईहून रीनाची आई आणि भाऊ यायचे होते.

मंगळवारी दुपारी मेल्विन आमच्याकडे आला. घरात कुणी नाही ना, बघून आत आला. त्याने फोन माझ्यासमोर धरला. रिपोर्ट होता. मला पहिल्या चार ओळींत कळलं. यकृतात तीन ठिकाणी.

तो म्हणाला, रविवारपर्यंत तिला सांगायला नको. एवढा एक रविवार तिला मिळू दे. आई येणार आहे, मुलीला नाव ठेवायचं आहे. सोमवारी मी स्वतः सांगेन. पण ती तुम्हाला विचारेल, टीचर. मी ‘नाही आला’ म्हटलं तर ती मानणार नाही. तुम्ही म्हटलं तर मानेल.

मी त्याला सांगितलं की तिने मला नेमकं ह्याच्यासाठीच नेमलंय. तो म्हणाला, माहीत आहे. आणि तिथेच उभा राहिला, आपल्या चपलांकडे बघत. ह्याच मुलावर मी वळांचा संशय घेतला होता. मी हो म्हटलं.

बुधवारी ती आली नाही. गुरुवारी सकाळी आली, क्लाराला खांद्यावर टाकून. इकडचं तिकडचं बोलली. मग विचारलं, “टीचर, रिपोर्ट आला का?”

“अजून नाही,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत होती. मी क्लाराचं टोपडं सारखं करत होते, ते सारखंच होतं.

“बरं,” ती म्हणाली आणि वर गेली.

कोण म्हणालं, लॅबला फोन केला का, इतका उशीर का, काही विचारलं नाही. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण मी आपल्याच खोट्याच्या भीतीत इतकी होते की सुटले म्हणून श्वास सोडला.

रविवारी आम्हीही चर्चमध्ये गेलो, मागच्या बाकावर बसलो. रीना मोतिया रंगाची साडी नेसली होती. डोक्याला त्याच रंगाचा रुमाल. तिची आई, रुंद, कुंकू नसलेल्या कपाळाची आणि अंगावर खानदानी लुगडं नेसलेली बाई, नातीला घेऊन पुढे उभी होती. फादरनी कपाळावर पाणी ओतल्यावर क्लारा रडली नाही, मोठ्याने शिंकली. सगळे हसले. रीना सगळ्यांत जास्त हसली. तिचं हसणं मी आधी कधी एवढं मोकळं पाहिलं नव्हतं. मेल्विन तिच्याकडे बघत होता. तो हसत नव्हता.

घरी येऊन तिने सगळ्यांना वाढलं. तिच्या आईने तिकडून आणलेले पदार्थ, आमच्याकडून माझं पायस. ह्या वेळी वेलची नवीन होती. दिवसभर ती कुणावर ओरडली नाही, काही तपासलं नाही. भावाच्या खांद्याला टेकून जुन्या गोष्टी ऐकत बसली.

सोमवारी मेल्विन रीनाच्या आईला आणि मेव्हण्याला गाडीवर बसवायला गेला. तो आला की सांगणार होता. त्याच्या आधी रीना खाली आली.

व्हरांड्यातल्या त्याच खुर्चीवर बसली. म्हणाली, “यकृतात तीन आहेत. मला मंगळवारी दुपारीच कळलं. लॅबच्या फॉर्मवर नंबर माझाही दिला होता.”

मी विचारलं, मग गुरुवारी मला का विचारलंस?

ती सांगायला लागली, शांतपणे, कारखान्यातलं काही समजावून सांगावं तशी. रिपोर्टावर तिचा विश्वास बसला नव्हता. नावं बदलतात, कागद बदलतात, ती स्वतः ह्याच कामात होती, अशा चुका तिने पकडलेल्या होत्या. कुणा दुसऱ्या रीनाचा असेल, असं तिला दोन दिवस वाटत होतं. वाटत होतं म्हणजे तसं मागत होती. डॉक्टरांनी मेल्विनला बोलावून काय सांगितलं ते तिला हवं होतं, पण मेल्विनला विचारायचं नव्हतं.

“तुम्हाला विचारलं,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्याकडे न बघता टोपडं सारखं करत खोटं बोललात. तेव्हा खात्री झाली की रिपोर्ट माझाच.”

मी तिची माफी मागितली. तिला ती नको होती. म्हणाली, मेल्विनला वाटतंय त्याने मला एक रविवार दिला. तो आता येऊन सांगेल आणि मी आत्ताच कळल्यासारखं ऐकणार आहे. त्याला हे सांगू नका. मी असेपर्यंत तरी नको.

मग वर बाळ रडल्याचा आवाज आला आणि ती उठून गेली.

पुढे ऑपरेशन झालं नाही. नवीन औषध सुरू झालं. त्याने पाच-सहा महिने बरे गेले. डोक्यावर ब्रशसारखे बारीक केस आले. ती पुन्हा फाटकाशी दूध घ्यायला येऊ लागली आणि मादप्पा आता स्वतःच दोन पिशव्या पुढे करायचा. मी तिच्याबरोबर हॉस्पिटलात जात राहिले. डॉक्टर काय म्हणाले ते तिला सांगत राहिले, सगळं, शब्दन् शब्द. त्यानंतर मी तिच्याशी एकदाही खोटं बोलले नाही. तिने पुन्हा माझी परीक्षा घेतली का, ते मला माहीत नाही. घेतली असणार.

क्लारा सात महिन्यांची असताना औषधाचा जोर ओसरला आणि त्यांनी वसईला जायचं ठरवलं. तिथे तिची आई होती, मुंबईची हॉस्पिटलं जवळ होती. क्लारा चालायला लागली तेव्हा रीना होती. बोलायला लागली तेव्हा नव्हती.

मेल्विनचा फोन आला, तेव्हा आम्हाला जाणं जमलं नाही. महिनाभराने मी त्याला फोन केला आणि त्या रविवारचं सांगितलं. मला वाटलं, आपण सांगायला नको होतं. मग त्याने विचारलं, म्हणजे ती चर्चमध्ये हसली, तेव्हा तिला सगळं माहीत होतं?

मी म्हटलं, हो, माहीत होतं.

तो म्हणाला, टीचर, इतके दिवस मला वाटत होतं, मी तिला फसवून हसवलं.

मी रीनाला शेवटचं पाहिलं ते म्हैसूरच्या स्टेशनवर, सकाळच्या मुंबईच्या गाडीत. मेल्विन आत सामान लावत होता. आम्ही दोघं फलाटावर, काचेच्या अलीकडे. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. समोरच्या बाकावर एक अनोळखी म्हातारी होती. खेड्यातली असावी, पानाने ओठ लाल झालेले, कुठे तरी मुलाकडे निघालेली. तिने क्लाराकडे बघून दोन्ही हात पुढे केले आणि काहीतरी म्हटलं. रीनाने तिच्याकडे पाहिलं. मी इकडे काचेबाहेर उभी राहून तिच्या प्रश्नांची वाट बघत होते. तिचे ओठ हलले नाहीत. तिने क्लाराला उचलून म्हातारीच्या मांडीवर ठेवलं, डोकं खिडकीला टेकलं आणि डोळे मिटले. गाडी हलली तेव्हा आमच्या ह्यांनी काचेवर टकटक केली. तिने डोळे उघडले नाहीत. म्हातारी क्लाराला उभी धरून मांडीवर नाचवत होती आणि क्लारा तिच्या लाल ओठांना हात लावायला बघत होती.